पाकीट हातात द्या आणि बघत राहा: वेष्टन वापरायला किती सोपं आहे, हे तपासायची पद्धत

मसाला, लोणचं, भाजणी, चटणी विकणारा माणूस माल बाजारात आणण्याआधी चार जणांना चाखायला देतो. मीठ बरोबर आहे का, तिखट जास्त झालं का, हे आवर्जून विचारतो. पण तो माल ज्या पाकिटात जाणार, ते पाकीट कुणाच्या हातात देऊन "जरा उघडा बघू" म्हणणारे फार थोडे. पाकीट निवडताना दर, छपाई आणि टिकाऊपणा बघितला जातो. उघडायचं कसं, हे गिऱ्हाइकावर सोडलेलं असतं.

गिऱ्हाईक याबद्दल तक्रार करत नाही, ही खरी अडचण आहे. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजी बरणी घेऊन शेजारी जातात, किंवा नातू शाळेतून यायची वाट बघतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचा तरी मसाला घरी येतो. तुम्हाला फक्त विक्री कमी झालेली दिसते, कारण कळत नाही.

बचत गट, गृहउद्योग चालवणारे, किंवा छोट्या कंपनीत पॅकिंगची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेले, अशांसाठी हे लिहितो आहे. प्रयोगशाळा लागत नाही. मोबाईल, वही, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि थोडी माणसं एवढ्यात काम भागतं. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पक्की धरा: विचारून कळणार नाही, बघून कळेल. पाकीट उघडलं नाही तर माणसं पाकिटाला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. "माझ्याच हातात आता जोर राहिला नाही" किंवा "मलाच घाई झाली", असं म्हणतात. तोंडी मत घेऊन थांबलात तर सगळं छानच ऐकू येईल.

आधी प्रश्न नेमका करा

"आमचं पाकीट चांगलं आहे का?" या प्रश्नाची चाचणी होत नाही. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात आल्यापासून रिकामं होईपर्यंत काय काय घडतं, ते आधी कागदावर लिहून काढा. लोणच्याच्या बरणीचं उदाहरण घ्या. फडताळातून बरणी उचलायची, आंब्याचं की लिंबाचं ते ओळखायचं, झाकणावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढायचं, झाकण फिरवायचं, आतला ॲल्युमिनियमचा पडदा सोलायचा, चमचा आत घालून फोड बाहेर काढायची, कडेला ओघळलेलं तेल पुसायचं, झाकण परत लावायचं, आणि महिनाभर हेच रोज करायचं. मग तारीख शोधायची, शेवटी बरणी धुऊन ठेवायची किंवा टाकायची.

यातली प्रत्येक पायरी वेगळी अडू शकते. झाकण सहज फिरतं, पण आतल्या पडद्याला धरायला शेपूटच नाही, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पहिल्या फेरीत तीन-चार पायऱ्या निवडा आणि त्याच नीट तपासा.

या विषयावर आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत. सहज उघडण्याबद्दल आयएसओ १७४८० हे मानक २०१५ साली आलं. त्याआधी २०११ मध्ये आयएसओ १११५६ या क्रमांकाने सर्वांना वापरता येईल अशा वेष्टनाच्या सर्वसाधारण अपेक्षा मांडल्या गेल्या. निर्यातीचा विचार असेल तर ती मिळवून वाचाच. घरगुती पातळीवर वापरसुलभतेचे तीन जुने निकष पुरतात: काम जमलं का, किती वेळात आणि किती खटपटीने जमलं, आणि करणाऱ्याला ते कसं वाटलं. याच क्रमाने नोंद करा.

कुणाला बोलवायचं

घरची माणसं आणि कारखान्यातली माणसं वगळा. जी बाई दिवसाला शेकडो पाऊच सील करते, तिच्या बोटांना ते पाकीट पाठ असतं. तुमच्या बहिणीने तेच पाकीट दहा वेळा उघडलेलं असतं. चाचणीला हवीत ती पाकीट पहिल्यांदा हातात घेणारी माणसं.

त्यातही निम्मी माणसं साठी-पासष्टीच्या पुढची घ्या. तरुण हातांना बहुतेक पाकिटं उघडतात, त्यामुळे त्यांच्याकडून पाकिटाबद्दल फारसं कळत नाही. वयाबरोबर चिमटीतली ताकद कमी होते, बोटांची त्वचा कोरडी पडून पकड सुटते, जवळचं बारीक दिसत नाही. अशा हातांना जे जमलं ते सगळ्यांना जमतं. शिवाय एखादी डावखुरी व्यक्ती हवी, कारण फाडायची खाच एकाच बाजूला असेल तर तिला उलटं धरावं लागतं. संधिवात असलेलं कुणी हवं, चष्मा विसरून येणारं कुणी हवं, आणि खाऊचं पाकीट असेल तर आठ-दहा वर्षांचं मूल, अर्थात पालकांसमोर.

दृष्टिहीन व्यक्तीला बोलावता आलं तर जरूर बोलवा. एकाच आकाराच्या दोन बाटल्यांत मुरांबा कुठला आणि लोणचं कुठलं, हे त्यांना स्पर्शाने कळतं का, ते बघा. जपानमध्ये काओ कंपनीने १९९१ मध्ये शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक उंच रेघा दिल्या, म्हणजे डोळे मिटून केस धुतानाही शाम्पू आणि कंडिशनर वेगळे ओळखता यावेत. पुढे तिकडच्या इतर कंपन्यांनीही ती खूण उचलली. डोळ्यांत फेस गेलेल्या डोळस माणसालाही तिचा तेवढाच उपयोग होतो.

किती माणसं? दर तिघांत एकाला येणारी अडचण ५ जणांच्या चाचणीत निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के असते. म्हणजे ठळक दोष शोधायला पाच जण पुरतात. पण दर दहांत एकालाच येणारी अडचण ५ जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. तीच २० जणांत ८८ टक्के होते. म्हणून एकदम वीस जण बोलावून सगळा खर्च एका दिवसात करू नका. पाच जण घ्या, दोष दुरुस्त करा, मग नवे पाच-सहा जण. अशा दोन-तीन फेऱ्यांत पैसेही कमी जातात आणि पाकीटही सुधारत जातं.

पाकिटं नेहमीच्या मालातलीच

चाचणीसाठी मुद्दाम नीट सील केलेली पाकिटं वापरायची नाहीत. बाजारात जाणाऱ्या खोक्यातूनच उचला. सकाळी मशीन नुकतं तापलेलं असतानाची काही, दुपारची काही. बँड सीलरवर, म्हणजे पाकिटाचं तोंड तापवून बंद करणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्यांना ठाऊक असतं की तापमानाचा काटा तोच असला तरी दिवसभर सील सारखं येत नाही. शक्य असेल तर काही पाकिटं दोन-तीन आठवडे गोदामात ठेवलेली घ्या, आणि फ्रिजमध्ये ठेवायचा पदार्थ असेल तर फ्रिजमधूनच काढून द्या. बाहेर काढलेल्या थंड पाकिटावर पाणी सुटतं आणि बोटं घसरतात. कोरड्या पाकिटावर हे कधीच दिसणार नाही.

प्रत्येकाला किमान दोन नग द्या. पहिल्या नगावर नवख्या गिऱ्हाइकाची अडचण कळते. दुसऱ्यावर कळतं की ती अडचण सवयीने जाते की कायमची आहे. दुसऱ्यांदाही तेवढीच झटापट होत असेल तर दोष पाकिटातच आहे.

जागा स्वयंपाकघराचीच असावी

ऑफिसच्या टेबलावर, खुर्चीत बसून, ट्यूबलाइटच्या उजेडात पाकीट उघडणं वेगळं आणि गॅसवर फोडणी तडतडत असताना एका हाताने उघडणं वेगळं. शक्यतो त्या माणसाच्या घरी जा. ओट्यापाशी उभं राहून, नेहमी जसं करतात तसं करू द्या. मसाल्याचं पाकीट असेल तर आधी हात धुऊन ओलेच ठेवायला सांगा, किंवा हाताला थोडं तेल लागलेलं असू द्या. घरगुती वापरात कोरडे हात हा अपवाद असतो.

कात्री, सुरी, सांडशी समोर मांडून ठेवू नका. मागितली तर द्या आणि मागितली ही नोंद करा. विळीकडे किंवा धारदार सुरीकडे हात गेला आणि हात थरथरत असेल, तर तिथेच थांबवा. पाकीट नापास झालं, चाचणी संपली. एखाद्याचं बोट कापलं जाईल इतकी कुठलीही माहिती महत्त्वाची नाही. पदार्थात शेंगदाणा, तीळ, दूध असेल तर कुणाला वावडं आहे का, तेही आधी विचारून घ्या.

सुरुवातीला काय बोलायचं

थोडंच बोला आणि प्रत्येकाशी तेच बोला. साधारण असं: "काकू, हे पाकीट आम्ही नवीन काढतोय. घरी आणल्यावर तुम्ही जसं उघडाल तसं उघडा आणि यातला एक चमचा मसाला या वाटीत काढा. तपासायचं आहे ते पाकीट, तुम्ही नाही. जमलं नाही तर सोडून द्या, आम्हाला तेही कळायला हवंय. मी मधे काही बोलणार नाही." बस. खाच कुठे आहे, कसं फाडायचं, झिप आहे, यातलं अवाक्षर काढायचं नाही. दुकानात पाकिटासोबत तुम्ही नसता.

चित्रीकरण करणार असाल तर परवानगी घ्या आणि फक्त हात घ्या, चेहरा नको. मोबाईल छोट्या स्टँडवर लावून ओट्याकडे वळवला की झालं. ही चित्रफीत चाचणीपुरतीच वापरा, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवू नका. वेळ दिल्याबद्दल मानधन किंवा माल द्या, पण तो चाचणीच्या आधीच हातात ठेवा. नंतर देणार म्हटलं की माणसं गोड बोलतात.

आता गप्प राहून बघायचं

सगळ्यात अवघड भाग हाच. समोरची व्यक्ती खाच शोधत असते, ती तुम्हाला दिसत असते, आणि "ते बघा, उजवीकडे" असं तोंडातून निघू पाहतं. ते गिळायचं. तीन मिनिटांची मर्यादा मनात ठेवा. तेवढ्यात उघडलं नाही किंवा त्यांनी सोडून दिलं, तर "नाही जमलं" असं लिहा आणि पाकीट हातातून अलगद घ्या.

एका चाचणीत सत्तरीतल्या काकूंच्या हातात काळ्या मसाल्याचं २०० ग्रॅमचं झिपवालं पाऊच होतं. त्यांनी आधी वरची कड अंगठ्याने डावीकडून उजवीकडे चाचपली. खाच दोन्ही बाजूंना होती, पण पाऊच गडद तपकिरी आणि खाचेपाशी छापलेली तुटक रेघही तपकिरीच, त्यामुळे नजर तिथे थांबलीच नाही. मग दोन्ही हातांच्या चिमटीत वरची पट्टी धरून ओढली. फिल्म सरकली. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा ओढली, पुन्हा सरकली. पाऊच उलटं करून खालून पाहिलं. शेवटी कोपरा दाढेखाली धरला आणि ओढला. चीर तिरकी गेली, झिपच्या खालपर्यंत उतरली, आणि चमचाभर मसाला ओट्यावर सांडला. काकू लगेच फडक्याने पुसत म्हणाल्या, "माझंच चुकलं, घाई केली." पाऊच कसं वाटलं, असं नंतर विचारलं तर उत्तर आलं, "चांगलं आहे की."

या दीड मिनिटात पाच दोष सापडले. खाच रंगामुळे दिसत नाही. झिपच्या वरची पट्टी इतकी अरुंद आहे की चिमटीत येत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत आहे. चीर सरळ जात नाही. आणि चीर एकदा झिपच्या खाली गेली की झिपचा खर्च वाया गेला. "चांगलं आहे की" या उत्तरातून यातलं एकही कळलं नसतं.

म्हणून नोंदवहीत मताच्या आधी कृती लिहा. पहिला स्पर्श कुठे झाला? किती वेळा पकड बदलली? दात, नख, हत्यार, दुसरं माणूस, यांपैकी कशाची मदत घेतली? उघडण्याच्या क्षणी झटका बसला का? झटका फार महत्त्वाचा. सील घट्ट असलं की माणूस जोर वाढवत नेतो आणि ते सुटतं तेव्हा सगळा जोर एकदम मोकळा होऊन माल उडतो. सांडलेला माल वाटीत गोळा करून काट्यावर तोला. "थोडं सांडलं" यापेक्षा "७ ग्रॅम सांडलं" हे मालकाला लगेच पटतं. वेळ मोजा, पण तो सगळ्यात शेवटचा रकाना. वीस सेकंदांत दाताने उघडलेलं पाकीट चाळीस सेकंदांत शांतपणे उघडलेल्या पाकिटापेक्षा वाईट आहे.

नंतरचे प्रश्न

एक ते पाच गुण द्या, असं सांगितलं तर आपल्याकडे चार किंवा पाचच मिळतात. समोर बसलेल्या माणसाला दोन गुण देणं कुणाला बरं वाटत नाही. त्यापेक्षा कृतीकडे नेणारे प्रश्न विचारा. "पुढच्या वेळी हे घरात कोण उघडेल?" या प्रश्नाला "मुलगा उघडेल" असं उत्तर आलं की कळायचं ते कळलं. "उरलेलं तुम्ही कशात ठेवाल?" याला "डब्यात ओतून ठेवीन" असं उत्तर आलं, तर तुमची झिप त्यांना विश्वासाची वाटलेली नाही. आणि "मघाशी इथे थांबलात, तेव्हा काय शोधत होतात?" हा प्रश्न जमल्यास चित्रफीत दाखवून विचारा. बाकी प्रश्नावली वाढवण्यात अर्थ नाही.

दहाव्यांदा उघडताना

नवखे लोक पहिल्या उघडण्यावरच थांबतात. पण बरणी महिनाभर उघडली-मिटली जाते. मध, मुरांबा, गुळांबा यांचा पाक झाकणाच्या आट्यांत उतरतो, सुकतो आणि झाकण चिकटतं. लोणच्याचं तेल उलट काम करतं: झाकण आतून सैल फिरतं, पण बाहेरून बोटं घसरतात. म्हणून दोन-तीन जणांकडे बरणी आठवडाभर वापरायला ठेवा आणि नंतर त्यांच्याच घरी पुन्हा उघडायला लावा. तेव्हा झाकण फडक्यात धरलं, गरम पाण्याखाली धरलं, की लाटण्याने कडेला ठोकलं, ते लिहा. गरम भरून बंद केलेल्या काचेच्या बरणीत माल निवल्यावर पोकळी तयार होते आणि ती झाकण आत ओढून धरते. पहिल्यांदा लागणारा बराच जोर त्या पोकळीविरुद्धचा असतो. तो जोर आणि पाकाने आलेला चिकटपणा या दोन वेगळ्या अडचणी आहेत, उपायही वेगळे.

झिपचंही तसंच. मसाल्याची पूड झिपच्या खोबणीत बसली की ती लागत नाही. चाचणीत चमचा चार-पाच वेळा आत-बाहेर करून मग झिप लावायला सांगा, पाऊच उलटं धरून हलवा.

वाचता येतं का, तेही वापरणंच

"हे कधीपर्यंत वापरता येईल?" एवढंच विचारा आणि तारीख शोधू द्या. ही चाचणी मिनिटभराची आहे, पण इतके दोष दुसरीकडे सापडत नाहीत. काळ्या छपाईवर काळ्या शाईची तारीख, पाऊचच्या घडीत गेलेली तारीख, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या सीलच्या पट्टीवर मारलेली तारीख. पाकीट पहिल्यांदा उघडलं की ती पट्टी फाटून कचऱ्यात जाते आणि उरलेल्या महिनाभर घरात तारखेशिवाय पाकीट राहतं. तारीख खाचेच्या आणि झिपच्या खाली हवी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

भाषेचंही बघा. वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापाच्या कायद्याच्या) आवेष्टित वस्तूंबद्दलच्या २०११ च्या नियमांनुसार सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, पण त्याच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला मनाई नाही. म्हणजे "इथून फाडा", "दाबून फिरवा" हे मराठीत द्यायला काहीच आड येत नाही. गिऱ्हाईक मराठी असताना फाडायची सूचना बारीक इंग्रजीत का ठेवायची, हे मला कधीच समजलेलं नाही. सूचनेपेक्षाही बाण आणि कात्रीचं चित्र जास्त चालतं. दोन्ही करून बघा.

आकडे वाचताना

सरासरी वेळ काढून अहवाल सजवू नका. सरासरीत त्रास झालेली माणसं लपतात. प्रत्येक व्यक्तीची एक ओळ करा आणि ज्यांना जमलं नाही किंवा दात, हत्यार लागलं, त्यांच्या ओळी आधी वाचा. एकच अडचण दोघांना आली तरी ती खरी समजून चाला.

आणि सगळ्यांना जमलं म्हणून हुरळून जाऊ नका. दर पाचांत एकाला अडचण येणारं पाकीटसुद्धा १२ जणांच्या चाचणीतून एकही अपयश न दाखवता सुटण्याची शक्यता सुमारे ७ टक्के असते. "१२ पैकी १२" लिहा, "१०० टक्के" लिहू नका.

दुरुस्ती: एका वेळी एकच बदल

फिल्मबद्दल थोडं माहीत असलं की दुरुस्ती पटकन सुचते. पाऊचच्या बाहेरच्या थराला वापरली जाणारी पॉलिएस्टर फिल्म कड अखंड असेल तर सहसा फाटत नाही, पण एकदा चीर पडली की पुढे सहज जाते. म्हणून इवलीशी खाचही मोठा फरक करते. आतला पॉलिथिनचा थर मात्र फाटण्याऐवजी ताणला जातो. तो जाड असेल तर खाच असूनही पाकीट चिवट लागतं. अशा वेळी फिल्म पुरवणाऱ्याशी जाडीबद्दल आणि सरळ फाटणाऱ्या फिल्मबद्दल बोला.

सील फार घट्ट असेल तर आधी आपलं मशीन तपासा. सोपी पद्धत अशी: सीलला आडवी, २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, तिचं एक टोक चिमट्यात पक्कं धरा, दुसरं प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला अडकवा आणि सावकाश ओढा. सील सुटताना काट्यावरचा सगळ्यात मोठा आकडा मोबाईलवर टिपा. प्रयोगशाळेइतका नेमकेपणा यात नाही, पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या सीलमधला फरक स्वच्छ दिसतो. सील सोललं जातं की फिल्मच फाटते, हेही लिहा. फिल्म फाटत असेल तर सील वितळून एकजीव झालेलं आहे आणि ते बोटांनी उघडणार नाही. तिथे खाचच हवी.

तापमान कमी करून सील हलकं करायचा मोह होतो. जपून. सील हलकं झालं की वाहतुकीत सुटतं आणि माल खराब होतो. प्रत्येक बदलानंतर भरलेलं पाकीट पाण्यात बुडवून दाबा आणि बुडबुडे येतात का ते बघा, नग खोक्यात भरून टेम्पोतून एक फेरी करून आणा. उघडायला सोपं आणि गळणारं पाकीट कुणालाच नको.

बहुतेक वेळा सीलला हात न लावताच काम होतं. झिपच्या वर धरण्यापुरती रुंद पट्टी सोडा. वरची कड पूर्ण सील न करता पुढची आणि मागची फिल्म थोडी सुटी ठेवली, तर दोन्ही बाजू दोन चिमटींत धरता येतात. खाच दोन्ही कडांना द्या आणि तिथला रंग पाऊचच्या उलट ठेवा: गडदवर पांढरा, फिक्यावर लाल. बरणीच्या झाकणाला कडेने उभ्या खोल रेघा घ्या. फार लहान झाकणावर पकड मिळत नाही आणि फार मोठं तळव्यात मावत नाही, म्हणून दोन-तीन मापं हातात देऊन बघा. आतल्या पडद्याला बोटात धरता येईल एवढं शेपूट मागून घ्या.

दुधाच्या पिशवीचा कोपरा हा आपल्या घराघरातला धडा आहे. कोपरा कापून वेगळा केला की तो इवला तुकडा केरात, मोरीत, नाल्यात जातो आणि पुनर्वापरासाठी परत येत नाही. अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवला तर सगळं एकत्र गोळा होतं. तुमच्या पाकिटाची फाडलेली पट्टी सुटून पडते की पाकिटाला चिकटून राहते, हेही नोंदीत घ्या.

बदल केल्यावर नवी माणसं बोलवा. जुन्यांना पाकीट आता माहीत झालेलं असतं.

औषध, फिनेल, ॲसिड असेल तर थांबा

इथवरचं सगळं खाद्यपदार्थांसाठी. जे मुलांच्या हाती लागलं तर घात होईल, तिथे पाकीट मुलांना उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्यांना उघडता यावं, अशा दोन्ही अपेक्षा असतात. ही चाचणी घरी करायची नाही. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर तिची पद्धत ठरली. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना जोडीजोडीने बसवून, आत घातक काही नसलेलं पाकीट ५ मिनिटं देतात, मग उघडून दाखवतात, आणि दात वापरले तरी चालेल असं सांगून आणखी ५ मिनिटं देतात. तेच पाकीट ५० ते ७० वर्षांच्या १०० जणांना उघडून परत नीट बंद करता यावं लागतं. पुन्हा बंद होणाऱ्या झाकणांसाठी आयएसओ ८३१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. असा माल बनवत असाल तर त्या मानकाची खात्री दिलेलंच झाकण विकत घ्या. तुम्ही तपासायचं ते एवढंच: साठीपुढच्या माणसाला "दाबून फिरवा" ही खूण दिसते का, समजते का, आणि वापरून झाल्यावर झाकण खरंच परत लावलं जातं का. कटकट नको म्हणून अर्धवट ठेवलेलं झाकण मुलांसाठी उघडंच असतं.

पुन्हा चाचणी कधी घ्यायची, हेही ठरवून टाका. फिल्मचा पुरवठादार बदलला, फिल्मची जाडी (मायक्रॉन) बदलली, बँड सीलरचा पट्टा नवा टाकला, झाकणाचा साचा बदलला, छपाईचा रंग बदलला, की पाच माणसं आणि एक दुपार. प्रत्येक फेरीतलं एक उघडलेलं पाकीट तारीख टाकून खोक्यात जपून ठेवा. दात लागलेला कोपरा आणि तिरकी गेलेली चीर पुरवठादारासमोर ठेवली की फिल्म बदलून मिळायला सोपं जातं.